पायाच्या आधी

चाकणच्या केंद्रात धैर्यशील साळोखेला सगळ्यात आधी बूट काढायला सांगितलं. मग मोजे. पन्नाशी ओलांडलेला, कोल्हापुरात दोन भट्ट्यांची फौंड्री चालवणारा हा माणूस एका पांढऱ्या खुर्चीत अनवाणी बसला होता. ज्या गाडीची त्यानं दीड वर्ष वाट पाहिली ती काचेपलीकडं उभी होती, आणि मीनल उपासनी नावाची तिशीतली इंजिनिअर त्याचं उजवं पाऊल एका काळ्या पट्टीवर ठेवून घेत होती.

“आता पाऊल उचलायचं, असं ठरवा,” ती म्हणाली. “आणि अगदी शेवटच्या क्षणी उचलू नका.”

धैर्यशीलनं तसं केलं. समोरच्या पडद्यावर एक रेषा वर चढली आणि खाली आली. त्याचं पाऊल जागचं हललं नव्हतं.

“हे तुम्ही केलं नाहीत,” मीनल म्हणाली. “पण करणार होतात, एवढं आम्हाला दिसलं.”

त्वरा या गाडीचं सगळं वेगळेपण त्या रेषेत होतं. माणूस पाय हलवतो तेव्हा पाय सगळ्यात शेवटी हलतो. त्याआधी मेंदूत त्या हालचालीची जुळवाजुळव सुरू होते. मग तोल सावरायला कमरेचे आणि पाठीचे स्नायू किंचित ताणतात. मग पोटरीत विजेची बारीक स्पंदनं उमटतात, आणि मग कुठं पाऊल खाली जातं. या सगळ्यात सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा जातो. ताशी दोनशेचा वेग असेल तर तेवढ्यात गाडी अठरा मीटर पुढं गेलेली असते. आजवरच्या सगळ्या वेगवान गाड्या इथंच अडत होत्या. मोटर वाटेल तेवढी तल्लख केली तरी ती शेवटी पायाची वाट पाहत बसायची.

त्वरा वाट पाहत नसे. तिच्या सीटमध्ये, डोक्यामागच्या उशीत, स्टिअरिंगच्या कडेत आणि पायाखालच्या पत्र्यात शेकडो संवेदक बसवलेले होते. एका माणसाच्या अंगाची सवय व्हायला तिला सहा-सातशे किलोमीटर लागत. त्यानंतर चालवणारा काय करणार हे ती त्याच्या पायाच्या आधी ओळखायची.

गाडीला दोन मोड होते. ‘रस्ता’ मोडमध्ये ती ब्रेक तेवढा आधी लावायची. पळण्यासाठी मात्र पाय खरोखर दाबला जाईपर्यंत थांबायची. ‘मोकळा’ मोडमध्ये कशासाठीच थांबत नसे. हा मोड फक्त खासगी जागेत आणि शर्यतीच्या ट्रॅकवर वापरायचा होता. शिवाय गाडी माणसाच्या आधी वागली की पुढच्या बाजूला मधोमध एक निळसर हिरवा दिवा लागायचा. समोरच्याला कळावं म्हणून तसा नियमच होता.

“आणि एक विनंती,” मीनल म्हणाली. “पहिल्या महिन्यातले अनुभव चालवता चालवता बोलत जा. गाडी ते आमच्याकडं पाठवेल. चांगलं, वाईट, सगळं.”

धैर्यशील मनापासून बोलत गेला. पहिल्या दिवशी त्यानं तक्रारच केली. सीट कडक आहे, टायरचा आवाज जास्त येतो, कऱ्हाडपर्यंत आलो पण एवढं कौतुक कशाचं ते अजून कळलं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही तसंच काहीबाही होतं. आठवडा सरत आला तेव्हा तो गगनबावड्याच्या रस्त्याला लागला, आणि कळे गावाच्या पुढं त्याचा आवाज बदलला.

“आत्ता डावं वळण होतं. उसाची ट्रॉली पुढं निघाली होती. मी ब्रेक मारायला गेलो तर ब्रेक लागलेला. माझा पाय नुसता जाऊन टेकला त्याच्यावर. थांबा, परत बघतो.” मग बराच वेळ फक्त टायरांचा आवाज. “होय. प्रत्येक वळणाला तसंच होतंय. मी गाडी चालवतोय असं वाटत नाही. आणि गाडी आपली आपण चालली आहे असंही वाटत नाही. माझं शरीर इथून तिथवर लांब झाल्यासारखं वाटतं, पार बॉनेटच्या टोकापर्यंत. उतारावर जरा हिसके बसतात, ते कमी करता आले तर बघा.”

मोकळा मोड त्यानं फौंड्रीच्या मागं वापरून पाहिला. शिरोलीच्या एमआयडीसीत त्यांच्या शेडमागं साच्यांसाठी वापरलेली वाळू टाकायची लांबलचक जागा होती आणि तिच्या कडेनं कारखान्याचाच काँक्रीटचा सरळ रस्ता. तिथं तो पहिल्यांदा भावाला घेऊन गेला.

संग्राम त्याच्यापेक्षा सात वर्षांनी लहान. वडिलांनी सुरू केलेली फौंड्री दोघं मिळून चालवत. भट्ट्या, साचे आणि माणसं धैर्यशीलकडं, गिऱ्हाइकं संग्रामकडं. वीस वर्षांत दोघांत एकदाही भांडण झालं नव्हतं आणि पाहुण्यारावळ्यांत याचं कौतुक होतं. कारण साधं होतं. राग आला की धैर्यशील बोलणं बंद करायचा, आणि ते पुन्हा सुरू होईपर्यंत थांबायची संग्रामला सवय झाली होती.

“नुसता पाय बघ माझा,” धैर्यशील म्हणाला.

संग्रामनं खाली पाहिलं. पुढच्या क्षणी त्याचं डोकं मागच्या उशीवर आपटलं आणि वाळूचे ढीग दोन्ही बाजूंनी मागं पळाले. रस्ता संपायच्या आत गाडी थांबली सुद्धा.

“पाय नंतर दाबलास,” तो श्वास सावरत म्हणाला.

“तेच तर. मनात आलं की जाते ही. पाय मागनं येतो.”

संग्रामनं पुन्हा खाली, त्याच्या पायाकडं पाहिलं. “आणि मनात येऊन गेलं तर? म्हणजे आलं, आणि तूच नको म्हणालास तर?”

“मग थांबते की. हात-दीड हात जाईल पुढं.”

संग्रामनं खाली उतरून गाडीला एक फेरी मारली. पुढचा दिवा कशाचा ते विचारलं. धैर्यशीलनं सांगितलं. जन्मभर पेट्रोल इंजिनांचे ब्लॉक ओतलेल्या माणसानं विजेची गाडी घेतली, यावरून संग्रामनं थोडी थट्टाही केली, आणि धैर्यशील हसला.

ती थट्टा तशी दोघांनाही बोचणारी होती. पेट्रोलच्या नव्या गाड्यांची नोंदणी बंद व्हायला थोडाच काळ उरला होता आणि ब्लॉकच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या होत्या. अॅल्युमिनियमची मोटर हाउसिंग, म्हणजे विजेच्या गाड्यांच्या मोटरची बाहेरची कवचं, करायला घ्यावीत, असं संग्रामचं म्हणणं होतं. त्यासाठी नवी यंत्रं लागणार होती आणि दोन्ही भट्ट्या बंद कराव्या लागणार होत्या. त्यानं हा विषय तीनदा काढला. धैर्यशील तिन्ही वेळा “बघू” म्हणाला आणि भट्टीकडं निघून गेला.

त्यानंतर काही दिवसांनी एका दुपारी धैर्यशील मागच्या रस्त्यावर गाडी फिरवून पुढच्या अंगणात आला. मोड बदलायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. ऑफिसातून संग्राम बाहेर आला. मागं साच्यांच्या लोखंडी पेट्यांची चळत होती. ती चळत आणि गाडी यांच्यामध्ये उभं राहून त्यानं एक हात बॉनेटवर टेकवला. धैर्यशीलनं काच खाली घेतली.

“दादा, बोलायचंय.”

“बोल की.”

“त्या मोटर हाउसिंगवाल्यांना मी होकार कळवला. आत्ताच. उन्हाळ्यापर्यंत दोन्ही भट्ट्या थांबवायला लागतील.” धैर्यशील काही बोलला नाही. “तुला विचारलं असतं तर तू परत बघू म्हणाला असतास.”

गाडीनं पुढं झेप घेतली आणि तिथंच थांबली. सगळं मिळून दीड फुटाचं अंतर. आवाज झाला तो पेट्यांचा. संग्राम पेटीवर मागं रेलला होता, दोन्ही हात बॉनेटवर होते, आणि तो ओरडला नव्हता. गाडी आपोआप मागं सरकली तेव्हा तो खाली बसला. त्याच्या डाव्या गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली होती.

धैर्यशीलची दोन्ही पावलं तळाच्या पत्र्यावर सपाट टेकलेली होती. ती हललीच नव्हती. हे त्याला त्याच वेळी माहीत होतं.

राजारामपुरीतल्या हॉस्पिटलात संग्रामच्या पायात रॉड घातला गेला. दुसऱ्या दिवशी एक हवालदार जबाब घ्यायला आला. संग्रामनं सांगितलं की गाडी नवी आहे, भावाचा पाय चुकून पडला, तक्रार काही नाही. हवालदारानं लिहून घेतलं, गाडीचं नाव दोनदा विचारलं आणि तो गेला. खोलीत दोघंच उरले.

“दुखतंय का फार?” धैर्यशीलनं विचारलं.

“आता कमी आहे.”

“पाय घसरला माझा. बूट नवे होते.”

संग्रामनं खिडकीकडं पाहिलं. “दिवा लागला होता, दादा.”

धैर्यशीलनं आपल्या बुटांकडं पाहिलं.

“तो हिरवा. माझ्या पोटासमोरच होता. गाडी हलायच्या आधी लागला.” संग्राम सावकाश बोलत होता, हिशेब समजावून सांगावा तसा. “पाय घसरला असता तर दिवा लागला नसता. तूच सांगितलं होतंस मला.”

नर्स आत आली, सलाइनची बाटली बदलून गेली. धैर्यशीलनं उशीजवळचा पाण्याचा ग्लास उगाच थोडा सरकवला आणि संध्याकाळी येतो म्हणून तो उठला. त्या संध्याकाळी तो गेला नाही.

मीनल उपासनी दोन दिवसांनी कोल्हापुरात आली. तिनं फौंड्रीच्या अंगणात गाडीला आपलं यंत्र जोडलं आणि बराच वेळ मान खाली घालून बसली. कंपनीनं तिला काय बोलायचं हे सांगून पाठवलं असावं. पहिली दहा मिनिटं ती तेच बोलली. मोड खासगी जागेपुरता आहे, मोड बदलण्याची जबाबदारी मालकाची आहे, माणूस जवळ असताना गाडीनं ब्रेक वेळेत लावला आहे. धैर्यशीलनं ऐकून घेतलं.

“मला एवढंच सांगा,” तो म्हणाला. “मी ते केलं का?”

“नाही. तुमचं पाऊल हललं नाही.”

“पण तयारी होती.”

“होती.” तिनं यंत्र बंद केलं. “उजव्या पावलाची तयारी सुरू झाली, आणि पाव सेकंदात तुम्ही ती मागं घेतली. साध्या गाडीत कुणाला काही कळलंही नसतं. तुम्हालाही नाही.”

“असं दुसऱ्या कुणाचं होतं का?”

मीनल पेट्यांच्या चळतीवर टेकून बसली आणि यापुढचं तिनं कंपनीच्या वतीनं सांगितलं नाही.

गाडी तयार होत असताना त्यांनी दोनशे चालकांची स्पंदनं वर्षभर गोळा केली होती. त्यात त्यांना एक गोष्ट दिसली जी त्यांनी शोधली नव्हती. माणूस दिवसभरात जेवढ्या हालचाली करतो त्याच्या कितीतरी पट हालचालींची तयारी करून सोडून देतो. सिग्नलला समोरून लोक रस्ता ओलांडत असताना गाडी पुढं न्यायची तयारी. घाटात दरीकडं स्टिअरिंग वळवायची तयारी. शेजारी बसलेला माणूस नको ते बोलला की एकदम ब्रेक मारायची तयारी. सगळ्यांच्यात हे होतं, शांत स्वभावाच्या माणसांत जरा जास्तच. मेंदू हालचाली मांडत जातो आणि मोडत जातो, आणि मोडलेल्यांची त्या माणसाला खबरही नसते.

“आम्ही त्याला कचरा म्हणायचो,” मीनल म्हणाली. “रस्ता मोडमध्ये तो गाळून टाकतो. मोकळ्या मोडमध्ये गाळायला वेळच मिळत नाही. आणि तिथं समोर माणूस असणारच नाही, असं आम्ही धरून चाललो.”

“हे गाडी घेताना का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर कुणी घेतली असती?” ती म्हणाली, आणि मग, “मीही बसायचे त्या खुर्चीत, साहेब. माझ्याही रेषा आहेत त्यात. त्यानंतर महिनाभर मी आईला गाडीत घेतलं नाही.”

जाताना तिनं सांगितलं की मोकळा मोड आता मालकांच्या मर्जीवर राहील. हवा तर कायमचा बंद करून देते. धैर्यशील नको म्हणाला. का नको म्हणाला, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

घरी त्यानं हे सगळं मृणालिनीला सांगितलं. ती त्याची बायको. पंचवीस वर्षांचा संसार. ती ओट्याशी दुधी चिरत होती. तिनं मधे एकही प्रश्न विचारला नाही.

“म्हणजे भावोजींना मारायचं तुमच्या मनात आलं,” शेवटी ती म्हणाली.

“पाव सेकंद.”

“पाव तर पाव.” तिनं फोडी पातेल्यात सरकवल्या. “माझ्याबद्दल येत असेल तर मला सांगू नका. तुमच्याबद्दल माझ्या मनात किती वेळा आलंय, तेही मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्या हातात साधी सुरी होती, म्हणून निभलं.”

धैर्यशीलनं तिच्याकडं पाहिलं. ती थट्टा करत नव्हती आणि रागावलेलीही नव्हती.

“भावोजी काय म्हणाले?”

“त्यानं दिवा बघितलाय.”

“मग पाय घसरला असं कशाला सांगितलंत?” ती म्हणाली. “जाऊन खरं सांगा. त्यांना माहीतच आहे. तुमच्या तोंडून ऐकायचं राहिलंय.”

संग्रामला घरी सोडल्यावर धैर्यशील त्याच्याकडं गेला. संग्राम गॅलरीत पाय स्टुलावर ठेवून बसला होता. धैर्यशीलनं खुर्ची ओढली आणि मीनलनं सांगितलेलं सगळं सांगितलं, काही न गाळता. तयारी झाली, ती त्याच्याच पायाची होती, आणि ती संग्रामच्या अंगावर जायची होती. माणसामाणसांत असं रोज होतं, हेही त्यानं सांगितलं.

“सगळ्यांच्यात होत असेल,” संग्राम म्हणाला. “माझ्या पायावर एकाचीच गाडी आली.”

“होय.”

“मला राग त्याचा नाही, दादा. म्हणजे आहे. पण त्याचं काय झालंय माहीत आहे का? आता मला मागचं सगळं परत बघायला लागतंय. तू गप्प बसायचास. आठ-आठ दिवस. मला वाटायचं, दादा शांत आहे, समजूतदार आहे. आता वाटतं, ते गप्प बसणं म्हणजे काय होतं?”

धैर्यशीलनं खूप विचार करून आणलेली गोष्ट पुढं केली. “त्या हाउसिंगचं तू म्हणतोस तसं करू. दोन्ही भट्ट्या बंद. मी आडवा येणार नाही.”

संग्राम हसला, पण ते हसू बरं नव्हतं. “कशाबद्दल?”

“कशाबद्दल म्हणजे?”

“परवापर्यंत तू बघू म्हणत होतास. आता एकदम हो. माझ्या पायाबद्दल का?” त्यानं स्टुलावरचा पाय हातांनी उचलून जरा सरळ केला. “तसं नको मला. मला तू पटून हो म्हणायला पाहिजेस, नाहीतर तोंडावर नाही म्हण. नाही म्हणायला येतं का तुला, ते तरी मला बघायचंय.”

धैर्यशील परतला. पुढचे काही आठवडे तो जुन्या गाडीनं कामावर जात राहिला. त्वरा घराच्या अंगणात झाकून ठेवली होती. जुनी गाडी चालवताना त्याला एक नवा त्रास सुरू झाला. सिग्नलला उभं असताना समोरून कुणी जाऊ लागलं की तो आपल्या उजव्या पावलाकडं बघायचा. तिथं काही दिसत नसे. एकदा मागून हॉर्न वाजेपर्यंत तो तसाच बघत बसला होता.

संग्राम काठी घेऊन चालायला लागला तेव्हा त्याचा फोन आला. साप्ताहिक सुट्टीचा दिवस होता.

“फौंड्रीत जाऊन बसू. मला न्यायला ये,” तो म्हणाला. “त्वरा घेऊन ये. दुसरी नको.”

धैर्यशील त्याला घेऊन निघाला. पोचल्यावर धैर्यशीलनं फाटक उघडलं, गाडी आत घेऊन वळवून लावली आणि फाटक पुन्हा लावलं. ऑफिसात पंखा लावून दोघं समोरासमोर बसले. शेड रिकामी होती, भट्ट्या थंड होत्या. सुरुवात संग्रामनं केली. त्यानं गिऱ्हाइकांची नावं घेतली, कोणी ऑर्डर कमी केली, कोणी थांबवली ते सांगितलं.

“मला पटत नाही,” धैर्यशील म्हणाला.

“का?”

“तू मला विचारलं नाहीस. म्हणून.”

“ते कारण झालं का?”

“माझ्यासाठी झालं. तीस वर्षं मी त्या भट्टीसमोर उभा राहिलोय. तू बाहेर एसीत बसून हो म्हणून मोकळा झालास. माझी माणसं कुठं जाणार हे तुला माहीत नाही. त्यांची नावं तरी सगळी येतात का तुला?”

“येत नाहीत. आणि तुला गिऱ्हाईक कसं तुटतं ते माहीत नाही. फोन मी घेतो. शिव्या मी खातो. तू बघू म्हणून आत जातोस आणि मला आठ दिवस तुझी पाठ बघायला लागते.”

आवाज चढत गेले. धैर्यशीलनं टेबलावर हात आपटला. आपला आवाज एवढा मोठा आहे हे त्याला त्या दिवशी कळलं. संग्राम काठी विसरून उभा राहिला, कळवळला आणि पुन्हा बसला. वडिलांच्या आजारपणात कोण रजेवर होतं, कुणाच्या लग्नात कोण रुसलं, कोणत्या वर्षीचा दिवाळी बोनस कुणी परस्पर जाहीर केला, सगळं निघालं. कुणी कुणाची समजूत घातली नाही. दुपार कलली तेव्हा दोघांचेही घसे बसले होते, आणि टेबलावर एक तोडगा होता जो दोघांनाही पुरता आवडलेला नव्हता. मोठी भट्टी बंद करायची, तिच्या जागी नवी यंत्रं. लहान भट्टी पंपांच्या ओतकामासाठी चालू ठेवायची, आणि ती किती काळ, हे धैर्यशील ठरवणार. भट्टीवरच्या माणसांना नवं काम शिकवायची जबाबदारी संग्रामची. धैर्यशीलनं हे मान्य केलं तेव्हा त्याचे कान अजून लाल होते.

“राग आहे का अजून?” संग्रामनं विचारलं.

“आहे.”

“मलाही आहे.”

ते बाहेर आले. उन्हं उतरली होती. धैर्यशील गाडीत बसला. संग्राम फाटक उघडायला पुढं निघाला. गाडी फाटकाकडं तोंड करून उभी होती. फाटकाला जायचं तर तिच्या पुढूनच जावं लागत होतं. तो बॉनेटपाशी पोचला आणि गाडीची बारीक घुरघुर बंद झाली.

संग्राम वळला. “बंद कशाला केलीस?”

“तू समोर आहेस.”

“चालू कर.”

“जा तू पुढं. मग करतो.”

“दादा, चालू कर. आणि त्या दिवशी होती तशी कर.”

धैर्यशीलनं काच पूर्ण खाली घेतली. “वेड लागलंय का तुला? आत्ता तर भांडलोय आपण.”

“म्हणूनच,” संग्राम म्हणाला. “मला उद्यापासून तुझ्याबरोबर काम करायचंय. रोज तुझा पाय कुठं आहे ते बघत बसायला मला जमणार नाही. कर चालू.”

संग्राम हलला नाही. काठीवर भार देऊन उभा राहिला. शेवटी धैर्यशीलनं गाडी सुरू केली आणि मोड बदलला. पडद्यावर ‘मोकळा’ हा शब्द आला. त्यानं दोन्ही पावलं पत्र्यावर सपाट ठेवली. पाय वर उचलून धरावेत असं त्याच्या मनात आलं, पण ते त्याला फसवणूक वाटलं. सीटच्या कडा त्याच्या पाठीला घट्ट लागल्या.

संग्रामनं गाडीकडं पाठ केली आणि चालू लागला. डावा पाय अजून नीट टेकत नव्हता. प्रत्येक पावलाला त्याचा खांदा एका बाजूला कलत होता. बॉनेटच्या अगदी पुढ्यात काठीचं टोक काँक्रीटच्या फटीत अडकलं. ते त्यानं घाई न करता सोडवून घेतलं. फाटकाची कडी गंजली होती. ती दोनदा हिसकून निघाली नाही, तेव्हा त्यानं काठी बगलेत धरून दोन्ही हातांनी ती वर ओढली. मग एक दार लोटलं. मग दुसरं.

तेवढ्या वेळात धैर्यशीलच्या मनात काय काय येऊन गेलं, ते त्याला कळलं नाही. गाडी जागेवर होती.

संग्राम फाटकाच्या मधोमध उभा राहून हमरस्त्याच्या दोन्ही बाजू बघत होता. एक ट्रक गेला, मागून दोन मोटरसायकली गेल्या. रस्ता मोकळा झाल्यावर तो बाजूला झाला आणि त्यानं हात केला.

“ये,” तो म्हणाला.